बिनसाखरेचं जिलेटिन-क्रीम: जमलंय, पण साच्यातून उभं निघत नाही

ओंजळभर

माझ्या बाबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी कर्बोदकं मोजून खायला सांगितल्यापासून त्यांनी गोड पूर्ण सोडलं. घरात कुणी गोड खायला बसलं की ते पाणी आणायच्या निमित्ताने उठून जातात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून गेले दोन महिने मी एकाच पदार्थाच्या मागे लागले आहे. जिलेटिन आणि क्रीमचा, बिनसाखरेचा, गार, हलका. आता चव जमली आहे. एक गोष्ट मात्र जमत नाहीये, ती शेवटी विचारते. आधी पाकृ (पाककृती) देते, म्हणजे चूक कुठे होतेय ते जाणकारांना दिसेल.

व्हिपिंग क्रीम ३०० मिली (३५ टक्के स्निग्धांशाचं, डेअरीचं, साखर न घातलेलं), जिलेटिन पावडर ७ ग्रॅम, ते भिजवायला ४० मिली गार पाणी, कडक काळी कॉफी १५० मिली, अ‍ॅल्युलोज (साखरेऐवजी गोडीसाठी) ४५ ग्रॅम, व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. मीठ वगळू नका. बिनसाखरेच्या गोडीला मागून जो कडवटपणा येतो तो मिठाने दबतो.

जिलेटिन गार पाण्यावर भुरभुरवायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. उलट करू नका, म्हणजे जिलेटिनवर पाणी ओतू नका, आणि गरम पाणी तर नकोच. गरम पाण्यात प्रत्येक कण बाहेरून चिकट होतो, आत कोरडा राहतो आणि त्या गुठळ्या नंतर कशानेही विरघळत नाहीत. भिजून फुगलं की गरम कॉफीत घालून ढवळायचं. ५०-६० अंश पुरतं, उकळायचं नाही. फार उकळलं तर जिलेटिनची पकडच कमी होते. त्यातच अ‍ॅल्युलोज, मीठ, व्हॅनिला.

आता खरं काम. हे मिश्रण गार होऊ द्यायचं, पण किती? पहिल्या वेळी मी कोमट असतानाच क्रीम ओतलं. सकाळी पाहते तर खाली काळी जेली आणि वर क्रीमचा थर. दुसऱ्या वेळी फार थांबले, तर जेली धरली आणि क्रीममध्ये तिचे तुकडेच तुकडे. तिसऱ्या वेळी भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवलं आणि शेजारी उभी राहिले. चमच्यावरून मिश्रण कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं जड ओघळायला लागलं, तोच तो क्षण. तो दोन-तीन मिनिटंच टिकतो. क्रीम आधीच फेटून तयार हवं, सॉफ्ट पीकपर्यंतच, म्हणजे फेटणी उचलली की क्रीमचं टोक उभं राहून वाकेल इतकंच. ताठ फेटलंत तर मिसळताना ते आणखी फेटलं जातं आणि लोण्याकडे झुकतं. आधी दोन मोठे चमचे क्रीम जेलीत नीट एकजीव करायचं, मग बाकीचं अलगद, खालून वर. फ्रिजचं थंडगार क्रीम एकदम पडलं तर जिलेटिन जागच्या जागी धरतं आणि तोंडात दोरे लागतात.

मग वाट्यांत भरून किमान चार तास फ्रिजमध्ये. रात्रभर ठेवलं तर उत्तमच, कारण जिलेटिन पहिले चोवीस तास हळूहळू घट्ट होतच राहतं.

हिशेब: या क्रीममध्ये १०० मिलीला साधारण ३ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एकूण ९. जिलेटिनमध्ये नाहीत. कॉफीत नगण्य. सहा वाट्या केल्या की वाटीला दीड ग्रॅमच्या आसपास. (अ‍ॅल्युलोज लेबलवर कर्बोदकांत दिसेल, पण शरीर ते जवळजवळ सगळं न वापरता बाहेर टाकतं, म्हणून मी धरलं नाही.) क्रीमऐवजी दूध घेतलं तर १०० मिलीला ५ ग्रॅमच्या जवळ जातं आणि पोतही पाणचट होतो.

आता प्रश्न. बाबांना हे वाटीत नको आहे. ते तरुणपणी जे खायचे ते बशीत उलटं काढलेलं, उभं, बशी हलवली की थरथरणारं असायचं. मी साच्यात लावून पाहिलं. एकदा अर्धं साच्यालाच राहिलं, एकदा बशीत बसकण मारली. काय करू?

चांदणवेल

फार मनापासून लिहिलं आहेस गं. वाचनखूण साठवली. साच्याचं मला माहीत नाही, पण एक सांगते, क्रीम घेताना डब्याचं लेबल दोनदा वाच. केकवर लावायचं जे नॉन-डेअरी व्हिप टॉपिंग मिळतं ते बहुधा आधीच गोड केलेलं असतं. फेटायला सोपं, म्हणून मी वर्षभर तेच वापरत होते आणि माझं गोड बिनसाखरेचं आहे असं समजत होते.

रानपाखरू

जिलेटिन प्राण्यांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतं हे धाग्यात यायला हवं. शाकाहारी लोक वाचत असतील. आमच्या घरी चालत नाही. चायना ग्रास, म्हणजे अगर, घालून हेच होईल का?

ओंजळभर

@रानपाखरू, बरोबर आहे, मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. डुकराचं, गाईगुरांचं आणि माशांचं अशी तिन्ही जिलेटिनं मिळतात. ज्यांना एखादं वर्ज्य आहे त्यांनी डब्यावर स्रोत पाहूनच घ्यावं.

अगरने होईल, पण हेच होणार नाही. मी एकदा केलं होतं. चावावं लागलं.

तांबूस

अगरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. जिलेटिन प्रथिन आहे, अगर समुद्री शेवाळातून काढलेलं कर्बोदक. जिलेटिनची जेली तिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळते, म्हणजे जिभेवर ठेवली की पाणी होते आणि चव मोकळी होते. अगर वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. तोंडात ते कधीच वितळणार नाही, तुटेल. म्हणून जिलेटिनइतकंच अगर घालणं ही मूळ चूक. अगरची पावडर कितीतरी कमी लागते. ३०० मिली क्रीम आणि १९० मिली द्रवाला मी पावणेदोन ते दोन ग्रॅम घेतो. एवढं घातलं की मऊ धरतं, चमच्याने कापलं जातं.

पद्धतही वेगळी. अगर गार पाण्यात घालून उकळावंच लागतं, दोन-तीन मिनिटं, नाहीतर ते धरत नाही. आणि ते चाळिशीच्या खाली आलं की भराभर धरायला लागतं, त्यामुळे फेटलेलं गार क्रीम त्यात मिसळायला वेळच मिळत नाही. @रानपाखरू, तुम्ही हवा भरलेलं करायच्या फंदात पडू नका. क्रीम न फेटता कोमट करून अगरच्या गरम मिश्रणात ओता, ढवळा, साच्यात भरा. पन्ना कोटाच्या (न फेटलेल्या क्रीमचं इटालियन गोड) वळणाचं होईल. फायदा असा की ते बाहेर ठेवलं तरी वितळत नाही.

रानपाखरू

दोन ग्रॅम! मी सात घालणार होते. धन्यवाद दादा, या रविवारी करते.

निळीशाई

अ‍ॅल्युलोज आमच्याकडे मिळत नाही, म्हणून एरिथ्रिटॉलने (साखरेऐवजी वापरायची दुसरी पावडर) केलं. चव चांगली, पण दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच आणि खाताना तोंडात पेपरमिंटसारखा गारवा. काय चुकलं?

ओंजळभर

तुमचं काही चुकलं नाही, एरिथ्रिटॉलच तसं आहे. गरम द्रवात ते विरघळतं आणि फ्रिजमध्ये गार झालं की जास्तीचं पुन्हा खडे होऊन बसतं. गारव्याचं कारणही तेच: ते खडे जिभेवर विरघळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतात. दोन्हींवर उपाय एकच, ते कमी घाला. २५ ग्रॅम एरिथ्रिटॉल आणि उरलेली गोडी स्टीव्हियाच्या किंवा सुक्रालोजच्या थेंबांनी आणा. दळलेलं घ्या आणि कॉफी गरम असताना पूर्ण विरघळवा.

थेंब का म्हणते, तर साखरेसारखी चमच्याने मोजायची जी सुक्रालोज पावडर येते तिच्यात वजन भरायला बहुतेकदा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेलं कर्बोदक) असतं. ते रक्तातली साखर वाढवतंच. डब्यावर पुढे मोठ्या अक्षरांत शुगर-फ्री आणि मागे बारीक अक्षरांत माल्टोडेक्स्ट्रिन, याचा मला मनापासून राग येतो. आजारी माणूस पुढचंच वाचतो.

शुभ्रकळी

माल्टिटॉलही त्यातलंच. "शुगर-फ्री" चॉकलेटांत असतं. साखरेइतकं नाही, पण वाढवतं. आणि झायलिटॉल वापरत असाल तर घरातल्या कुत्र्यापासून फार लांब ठेवा, त्याच्यासाठी ते विष आहे. थोडंसंही. वाटी चाटायला देऊ नका.

सावधान

धागा चांगला आहे, पण एक प्रश्न विचारतो. २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एरिथ्रिटॉलचा आणि हृदयविकाराचा संबंध दाखवणारा अभ्यास आला होता. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही वजन कमी करण्यासाठी साखरेऐवजी अशी बिनसाखरेची गोडी वापरू नका असं सांगितलं. हे माहीत असताना आपण ही पाकृ मधुमेही माणसाला द्यावी का?

तांबूस

प्रश्न योग्य आहे, घाबरून न जाता बघू.

त्या अभ्यासात मुख्यतः लोकांच्या रक्तातलं एरिथ्रिटॉल मोजलं होतं. ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले. पण एरिथ्रिटॉल आपलं शरीर स्वतःही तयार करतं, त्यामुळे रक्तातलं किती खाण्यातून आलं हे त्या भागातून कळत नाही. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ८ निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पाण्यातून दिलं, तर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढी राहिली. शिवाय प्रयोगशाळेत रक्तातल्या बिंबाणूंच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढलेली दिसली. हे काही अखेरचं उत्तर नव्हे, पण ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांनी ते रोज ढिगाने खाऊ नये एवढं मी त्यातून घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत मात्र दोन अपवाद स्पष्ट लिहिले आहेत. आधीपासून मधुमेह असलेल्या माणसांना ती लागू नाही, आणि एरिथ्रिटॉलसारखी शर्करा-अल्कोहोलं व कमी कॅलरीच्या साखरा तिच्यात धरलेल्याच नाहीत.

सावधान

हे अपवाद मला माहीत नव्हते. आभार. तरी क्रीमचं काय? तेही जपूनच खायचं ना.

ओंजळभर

हो, आणि हे मी लपवणार नाही. ३५ टक्क्यांचं क्रीम १०० मिलीला जवळजवळ ३४० कॅलरी देतं. सगळं धरून माझ्या एका वाटीत १७५ च्या घरात येतात, त्यातल्या बहुतेक स्निग्धांशाच्या, आणि तो स्निग्धांश बराचसा संपृक्त. कर्बोदकं कमी म्हणून मनसोक्त खायचा हा पदार्थ नाही. बाबांना आठवड्यातून दोनदा, एक छोटी वाटी, जेवणानंतर. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत त्यांनीही विचारावं आणि खाल्ल्यावर स्वतः मोजून बघावं, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं वागतं.

आणखी एक. जिलेटिन म्हणजे प्रथिनच, मग रोज खाल्लं तर बरंच, असं एका नातेवाइकांनी बाबांना सांगितलं. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, म्हणून ते पूर्ण प्रथिन नाही. आणि आपण घालतोय किती, तर वाटीला सव्वा ग्रॅमही नाही.

पहाटवारा

मी कॉफीऐवजी ताज्या अननसाचा रस घेतला. दोन दिवस झाले, अजून पातळच आहे. जिलेटिन जुनं होतं का?

शुभ्रकळी

जिलेटिन नाही, अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते प्रथिन तोडतं, आणि जिलेटिन तर प्रथिनच. पपई, किवी, अंजीर आणि आलं हे सगळे त्याच जातीचे. रस उकळून गार करून घेतला तर ते विकर निकामी होतं आणि मग धरतं. डब्यातला अननस चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेलाच असतो. पण मूळ धागा कमी कर्बोदकांचा आहे, त्यात अननसाचा रस बसत नाही. फळ हवंच तर वरून दोन-तीन स्ट्रॉबेरी. १०० ग्रॅमला आठ ग्रॅमच्या आतच.

पहाटवारा

अरेच्चा! आणि मी त्याच डब्यातून आणखी सात ग्रॅम घालून पाहिलं होतं. कळलं आता.

निळीशाई

एक भर घालते. कोलॅजन पावडर म्हणून जी मिळते ती जिलेटिनऐवजी चालत नाही. स्रोत तोच, पण तिचे तुकडे इतके बारीक केलेले असतात की ते धरतच नाहीत. माझं एक अख्खं क्रीम त्यात गेलं.

काचवाटी

उशिरा आलो, पण मूळ प्रश्न राहूनच गेला म्हणून लिहितो. मी काही वर्षं हॉटेलच्या स्वयंपाकघरात गोडाच्या टेबलावर होतो. साच्यातून काढायचं हेच माझं रोजचं काम.

ओंजळभर ताई, पहिली गोष्ट, वाटीसाठी आणि साच्यासाठी एकच प्रमाण चालत नाही. वाटीला भिंत असते, बशीत पदार्थाला स्वतःच्या जिवावर उभं राहायचं असतं. सातचे नऊ ग्रॅम करा. दहाच्या वर जाऊ नका, रबर होईल. भिजवायला पाणी वजनाच्या पाचपट, म्हणजे ४५ मिली.

पण त्याआधी तुमच्या डब्यावर ब्लूम हा आकडा आहे का बघा. ऑस्कर ब्लूम यांच्या नावावरून पडलेलं ते जिलेटिनच्या ताकदीचं माप आहे. साधारण ५० ते ३०० पर्यंत जातं. तुमच्या पाकृचं प्रमाण २०० ते २५० च्या पावडरीला बरोबर आहे. १५० चं असेल तर सात काय आणि नऊ काय, बसणारच. पाकृ लिहिणारे ब्लूम लिहीत नाहीत आणि लोक स्वतःच्या हाताला दोष देतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे. पानांच्या रूपातलं जिलेटिन घेत असाल तर पानं मोजू नका, वजन करा, आणि भरपूर गार पाण्यात भिजवून पिळून घ्या.

दुसरी गोष्ट साचा. मोठा एकच नको, लहान लहान घ्या, ८०-१०० मिलीचे, धातूचे, वर रुंद आणि तळाला अरुंद. धातूला ऊब लगेच लागते. जाड काचेला वेळ लागतो आणि तोवर कडा वितळून जातात. आतून वास नसलेल्या तेलाचा हात फिरवून टिपून घ्या, थेंब दिसता कामा नये. मिश्रण भरल्यावर साचा ओट्यावर दोनदा हलका आपटा, नाहीतर हवेचे खड्डे राहतात आणि पदार्थ तिथूनच मोडतो. मग रात्रभर फ्रिज, चार तास नव्हे. फ्रीझरमध्ये घाई करू नका. गोठून सुटलं की पाणी सोडतं.

काढताना बोटाने कडेकडेने हलकं आत ओढा, म्हणजे हवा शिरते. तुमचं अर्धं साच्याला राहिलं ते हवा न शिरल्यामुळे. आतल्या निर्वात पोकळीने धरून ठेवलं. मग साचा हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाच-सहा सेकंद, काठापर्यंत, पण आत पाणी जाऊ न देता. बशी आधी फ्रिजमध्ये गार करा आणि तिला पाण्याचा हात लावा. ओल्या बशीवर पदार्थ मध्यभागी नाही पडला तर हळूच सरकवता येतो, कोरड्या बशीवर तो जिथे पडेल तिथेच चिकटतो. बशी साच्यावर पालथी घाला, दोन्ही घट्ट धरून उलटा, एक झटका खाली. नाही सुटलं तर पुन्हा तीन सेकंद पाण्यात. सुरी घालू नका.

आणि फेटलेलं क्रीम थोडं आणखी मऊ ठेवा. सॉफ्ट पीकच्याही जरा अलीकडे, फेटणीची रेघ उमटून हळूहळू पुसली जाईल इतकंच. हवा जितकी जास्त तितकी थरथर कमी. तुमच्या बाबांना थरथर हवी आहे ना?

ओंजळभर

काचवाटी दादा, डबा पाहिला. आकडा अगदी बारीक अक्षरांत तळाशी आहे: १५०. दोन महिने मी माझाच हात वाईट समजत होते. दुसरं घेऊन शनिवारी करते.

रानपाखरू

अगरचं केलं! १ ग्रॅम ८०० मिलीग्रॅम, क्रीम कोमट करून. सुंदर कापलं गेलं. जिलेटिनसारखं वितळत नाही हे खरं, पण सासूबाईंनी दोनदा मागून घेतलं. कॉफीऐवजी मी बिनसाखरेचा कोको दोन चमचे घातला होता, तो थोडा तळाला बसला.

तांबूस

वा! कोको आधी चमचाभर गरम पाण्यात गुळगुळीत वाटून घ्या, आणि मिश्रण साच्यात ओतण्याआधी पंचेचाळीस अंशांपर्यंत ढवळत गार करा. जरा दाटलं की कण खाली उतरत नाहीत. कोकोची कर्बोदकंही हिशेबात धरा, बराच भाग तंतू असला तरी.

ओंजळभर

शनिवारी केलं. २२० ब्लूमचं जिलेटिन, ९ ग्रॅम, पत्र्याचे सहा छोटे साचे, रात्रभर फ्रिज. क्रीम रेघ पुसली जाईल इतकंच फेटलं. पहिला साचा मी घाईने दहा सेकंद पाण्यात धरला, त्याची कड ओघळली. तो मी खाल्ला. बाकीचे पाचही सुटले. दुसरा तर बशीच्या एका बाजूला पडला होता, ओल्या बशीवर तो मध्यभागी सरकवता आला.

बाबांसमोर बशी ठेवली. त्यांनी आधी चमचा उचललाच नाही, बशीला बोटाने हलका धक्का दिला. हललं. परत दिला. मग म्हणाले, आमच्या वेळी यावर कॅरॅमल असायचं.

तर आता पुढचा प्रश्न, काचवाटी दादा. अ‍ॅल्युलोज साखरेपेक्षा लवकर तांबूस होतं असं माझ्या लक्षात आलं आहे. त्याचं पातळ कॅरॅमल करून साच्याच्या तळाशी घातलं तर वरचं क्रीम धरेल ना, की ते जिलेटिनला पातळ करेल?

काचवाटी

तळाशी नको, ताई. त्यात पाणी असतं, ते जिलेटिनमध्ये उतरतं आणि नेमकी वरची बाजू सैल पडते. वेगळं करून गार करा आणि बशीत काढल्यावर वरून सोडा. अ‍ॅल्युलोज मंद आचेवर, जाड बुडाच्या भांड्यात, भांड्यासमोरून न हलता. मधाचा रंग आला की लगेच दोन चमचे गरम पाणी आणि चिमूटभर मीठ. पाणी घालताना उसळतं, हात जपा.